मागचा दिवा

ईरा, नील,

परवा फोनवर तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत. नील म्हणाला, "आजी, तुझ्या मागे इतका काळोख का आहे?" आणि ईरा म्हणाली, "तू आज इतकी हळू का बोलतेयस?" मी नेट बरोबर नाही असं काहीतरी सांगितलं आणि विषय बदलला. तुमच्याकडे सकाळ होती, डबे भरायचे होते, बाबा मागून मोजे शोधत ओरडत होता. माझं उत्तर तेवढ्या वेळात मावणारं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे. हे सावकाशच वाचायचं आहे. आणि बाबाला मात्र शेवटी वाचायला द्या, आधी दिलंत तर तो अर्ध्यातच मला फोन लावेल.

इथे ऊसतोड सुरू झाली आहे. दारणा नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला गोडसर, कच्चा वास आहे, हिरवी कांडी नुकती सोलावी तसा. दुरून कोयत्याचा आवाज येतो, खट्, आणि त्यामागून पाचटाची सळसळ. ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या ट्रॉल्या डुलत जातात. रस्त्याकडेच्या बाभळी त्यातले ऊस ओढून खाली पाडतात आणि शाळेतून येणारी मुलं ते उचलतात. सकाळी नदीवरून धुकं उठतं, ते कुंपणापर्यंत येतं आणि तिथेच थबकतं. नाशिकरोडच्या लोकांना हे दिवस फार आवडतात. मलाही आवडायचे. आता हा वास आला की आधी माझा हात दाराच्या कडीकडे जातो. कडी लावलेली असते. तरी जातो.

तुम्ही हे घर पाहिलं आहे ते उन्हाळ्यात. तेव्हा मागे मोकळं रान असतं आणि भिंतीवरून थेट नदीकाठची झाडं दिसतात. नीलने तिथेच बॉल हरवला होता. पण मे महिन्यातलं घर आणि दिवाळीनंतरचं घर एक नाही. आपलं घर कॉलनीतलं शेवटचं. भिंतीपलीकडे भाऊसाहेबांचं शेत. दिवाळीपर्यंत तिथला ऊस भिंतीच्या वर जातो आणि मग मागच्या खिडकीतून फक्त पानं दिसतात. वारा असला की ती हलतात. वारा नसला तरी कधी कधी हलतात. भीती या दुसऱ्या हलण्याची आहे.

कारण उसात बिबटे राहतात. आमच्याकडे ही काही गोष्टीतली गोष्ट नाही, गॅस संपला किंवा पाणी गेलं यासारखी रोजची बातमी आहे. त्यांतल्या कित्येकांनी डोंगर पाहिलेलाही नसतो. उसातच जन्मतात, उसातच वाढतात, ऊस हेच त्यांचं रान. आणि मग हिवाळ्यात माणसं कोयते घेऊन येतात आणि रोज थोडं थोडं ते रान कमी करत जातात.

मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगते आहे, तो काही वर्षांपूर्वीचा. त्याची सुरुवात शेजारच्या कुत्र्याने झाली. त्याचं नाव टायगर होतं. आमच्या गल्लीत हसण्यासारखी एवढीच गोष्ट त्या दिवसांत उरली होती, आणि तीही कोणी मोठ्याने हसत नव्हतं. एका सकाळी त्याची साखळी तशीच होती, पट्टा तसाच होता आणि टायगर नव्हता. त्यानंतर गल्लीतली बाकीची कुत्री दिवस मावळला की गप्प व्हायची. कुत्र्यांचं भुंकणं मला कधी आवडलं नाही. पण भुंकणारी कुत्री एकदम गप्प झाली की कानात जे होतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पाण्याखाली गेल्यासारखं होतं.

भाऊसाहेब भिंतीपलीकडून हाक मारून म्हणायचे, "बाई, तुम्ही इंग्रजीच्या मास्तरीण. त्याला जरा इंग्रजीत दटावा ना. आम्ही मराठीत सांगून पाहिलं, ऐकत नाही."

"ऊस तुमचा भाऊसाहेब, पाहुणा तुमचा. तुम्हीच सांगा त्याला."

"आमचं कोण ऐकतंय! आमची बायको ऐकत नाही."

ते हसायचे, मीही हसायचे, आणि आत येऊन दोन्ही कड्या लावायचे.

मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर नाव आहे. किल्ल्या आपापल्या खिळ्यावर असतात. चहा ठरल्या वेळी, फिरणं ठरल्या वेळी, आणि दिवस मावळताना देवापुढे दिवा. तुमचे आजोबा दवाखान्यात होते तेव्हाही तो चुकला नाही. ते गेले त्या संध्याकाळीही शेजारच्यांकडून लावून घेतला होता. लोक म्हणायचे, बाई म्हणजे घड्याळ. मला ते ऐकायला आवडायचं. एकटी राहते पण कुणाचं काही लागत नाही, हेही म्हणायचे. ते तर फारच आवडायचं.

त्या हिवाळ्यात हे सगळं घड्याळ भीतीने आपल्या हातात घेतलं. मी तुळशीला पाणी संध्याकाळऐवजी भर दुपारी घालू लागले. मागच्या दोरीवरचे कपडे ऊन असतानाच काढून घेऊ लागले, ओले तर ओले. मग मागचं दार उघडणंच बंद केलं. भांडी घासताना नळ मध्येच बंद करून ऐकायचे. फ्रीज थरथरून थांबला तरी दचकून दाराकडे बघायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "छे, मी काय घाबरते!" आणि भिण्यातलं सगळ्यात थकवणारं काम तेच होतं, न भ्यायल्यासारखं दिसणं.

तुमच्या बाबाने तिकडून एक दिवा पाठवला. दिवा कसला, सूर्यच तो. मागच्या व्हरांड्यावर बसवला आणि काळोख पडला की आपोआप लागायचा. भिंतीपलीकडे उसाच्या पहिल्या रांगांपर्यंत सगळं पांढरं फटक. कॉलनीतली माणसं बघायला आली. "मुलगा असावा तर असा," म्हणाली. मी मान डोलावली. त्या दिव्यात मला माझा मुलगा दिसायचा, माझं घर दिसायचं, मी दिसायचे. त्याच्यापलीकडचा काळोख मात्र आधीपेक्षा काळा झाला होता. ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग टोळी आली. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं, दर हिवाळ्यात ऊस तोडायला उतरतात. त्यांतल्या एका जोडप्याने आपल्या भिंतीच्या अगदी पलीकडे कोपी टाकली. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, वर पाचट आणि त्यावर निळा प्लास्टिकचा कागद. तिला दार नसतं. दाराच्या जागी एक लुगडं लोंबत होतं. नवऱ्याचं नाव रामदास, बाईचं जिजा, आणि त्यांची सोनी, जेमतेम चालायला-बोलायला लागलेली, सदा उसाची कांडी चोखणारी. मी माझ्या दोन कड्यांमागून त्या लुगड्याकडे बघायचे.

जिजा आपल्या फाटकातल्या नळावर पाणी भरायला यायची.

"आजी, हंडा भरू का?"

"भर. पण मुलगी कुठे आहे?"

"हाय की, बापाजवळ."

"अगं, इथे बिबट्या आहे. ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय." तिने आवाज खाली आणला. "दिवस मावळताना नाव नका घेऊ. आमच्याकडं त्याला देव मानत्यात. वाघबारशीला शिवेवर नारळ फोडतो आम्ही."

"देव मानता, मग भीती नाही वाटत?"

"देवाला तर जास्तीच भ्यावं लागतं, आजी!"

हंडा डोक्यावर घेऊन ती वळली आणि दिव्याकडे हनुवटी करून म्हणाली, "तुमचा तो दिवा लय वंगाळ. सारी रात डोळ्यांत. आमची सोनी म्हणती, चांद खाली आला."

"बंद करू?"

"नका, नका!" हंड्यातलं पाणी हिंदकळलं. "तो हाय म्हणून तर डोळा लागतो माझा."

म्हणजे तीही भीत होती. तिच्या हसण्यावरून मला ते कळलं नव्हतं, माझ्या हसण्यावरून तिला कळलं नसेल तसंच. भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी एकाच दिव्याखाली जाग्या राहत होतो.

रोज ऊस थोडा थोडा मागे सरत होता. रस्त्याकडून तोड सुरू झाली होती आणि उरलेला पट्टा आपल्या भिंतीकडे येत होता. मला वाटायचं, सगळा तुटला की संपलं, सुटले. त्या पट्ट्यात जे काही आहे ते रोज माझ्याच दिशेने ढकललं जात होतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

एका सकाळी कोयते एकदम थांबले. ओरडा झाला. पुढच्या दाराने घराला वळसा घालून मी भिंतीपाशी खुर्ची नेली आणि वरून पाहिलं. पाचटात मांजरापेक्षा थोडं मोठं काहीतरी होतं. बछडा. डोळे नुकते उघडलेले, निळसर. कुणीतरी त्याला द्राक्षांच्या क्रेटमध्ये ठेवलं. पोरं फोटो काढायला धावली. तो तोंड उघडायचा आणि आवाज यायचा तो इतका बारीक, की एवढ्या भीतीच्या पोटी हे एवढंसं, याचाच मला राग आला.

वनखात्याची मनीषा आली. खाकी कपडे, बसलेला आवाज, अंगावर धूळ. आल्याआल्या तिने फोटोवाल्यांना हाकललं, क्रेटवर ओलं गोणपाट टाकलं आणि म्हणाली, "आई जवळच आहे. दिवसा येणार नाही. संध्याकाळी याच जागी ठेवू, ती येऊन घेऊन जाईल. नेहमी असंच करतो."

"आणि नाही आली तर?" भाऊसाहेबांनी विचारलं. साखर कारखान्याला ऊस घालायची पाळी हातची जाईल याची त्यांना काळजी होती.

"नाही आली तर याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवावं लागेल. आणि ती शोधत फिरेल. पिल्लू हरवलेली मादी फार वाईट." तिने बोलता बोलता कोपीकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे. "आजी, एक विनंती होती. तुमचा मागचा दिवा संध्याकाळी बंद ठेवाल? उजेडात ती यायची नाही."

"नाही," मी म्हणाले.

"थोड्याच वेळासाठी..."

"नाही म्हटलं ना. मी इथे एकटी राहते. आणि त्या दिव्यावर ती बाईसुद्धा निजते."

मी जिजाला पुढे केलं. खरं म्हणजे त्या क्षणी मला जिजा आठवलीच नव्हती. आठवला होता तो माझा व्हरांडा आणि त्यावरचा काळोख. तोंडातून मात्र जिजा आली.

मनीषाने वाद घातला नाही. "बरं," म्हणाली. "जागा बदलता येत नाही, आई तिथेच शोधते. आज पाहू काय होतं."

त्या संध्याकाळी दिवा आपल्या वेळेला लागला. मीही माझ्या वेळेला देवापुढे बसले. वात सारखी केली, हात जोडले. सगळ्यांचं भलं कर, असं म्हणायची माझी लहानपणापासूनची सवय. ते म्हणत होते आणि मागून बछडा ओरडत होता. म्हटलं, थांबेल. थांबला नाही. मग कोपीतून सोनी रडायला लागली, आणि थोड्या वेळाने मला कळेना की कुठलं रडणं कुणाचं. दोन्ही सारखीच बारीक, सारखीच आईला शोधणारी. मी पुन्हा म्हणाले, सगळ्यांचं भलं कर. आणि त्या "सगळ्यांचं" शब्दापाशी थांबले. माझ्या त्या सगळ्यांत कोण कोण होतं? तुम्ही होता, बाबा होता, कॉलनी होती, फार तर नाशिक होतं. भिंतीपलीकडे जी पोटाशी जमीन धरून बसली होती, ती नव्हती. माझा दिवाच तिला सांगत होता, तू सोडून सगळे.

सकाळी बछडा क्रेटमध्येच होता. मनीषाने मला भिंतीवरून दाखवलं. ओल्या मातीत पंजे उमटले होते. उसातून निघून सरळ क्रेटच्या दिशेने आले होते आणि जिथे माझ्या दिव्याचा उजेड संपत होता, नेमके तिथेच थांबले होते. पुढचे दोन पाय एकाशेजारी एक. बराच वेळ उभी असावी, ठसे खोल होते. मग वळले होते. आणि वळून कोपीला वळसा घालून गेले होते. लुगड्याच्या दाराजवळ मातीत आणखी दोन ठसे होते.

जिजाने ते पाहिले होते. सोनीला तिने पदराने स्वतःच्या कमरेला बांधलं होतं आणि तशीच मोळ्या बांधत होती. मी खिडकीत दिसले तर तिने हात वर केला नाही. पाणी मागायला आली नाही.

बुधवारच्या आमच्या वाचन मंडळात मी अहंकार या विषयावर फार छान बोलते, मुलांनो. अहं गळाला पाहिजे वगैरे. बायका वहीत उतरवून घेतात. त्या सकाळी खिडकीशी उभं असताना मला पहिल्यांदा कळलं की मी ज्याला भीती म्हणत होते त्यात माझाच भाग किती मोठा होता. मला काही होईल. माझ्या घरात येईल. माझ्याबद्दल म्हणतील, म्हातारी भ्याली. बिबट्या त्यात जेमतेम एक कोपरा अडवून होता. बाकी सगळी जागा माझी.

आणि हे कळल्यावर भीती गेली का? नाही. अजिबात नाही. मागच्या दाराची कडी मी एकदा काढली, पुन्हा लावली आणि मग पुन्हा काढली. कितीतरी दिवसांनी ते दार उघडलं. भर दुपार होती, ऊन होतं, तरी भिंतीच्या फाटकातून कोपीपर्यंत जाताना मला सारखं वाटत होतं की माझी मान उघडी आहे.

"जिजा, आज संध्याकाळी पोरीला घेऊन घरात ये."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. मी चपला घालायला विसरले होते.

"तुमच्या घरात?"

"हो. आणि मी दिवा बंद करणार आहे."

"आमचे पाय कसे हायत बघा, आजी. तुमची फरशी..."

"पाय धुवायला नळ आहे. माझेही आता तुझ्यासारखेच झालेत."

तेव्हा ती हसली. "बाई गं, आज देवच तुम्हाला भ्याला वाटतं!"

रामदास आणि टोळीतली बाकीची माणसं पलीकडच्या शेडमध्ये गेली. मनीषा आणि तिचे सोबती लांब बांधावर गाडीत बसले. जाताना तिने बजावलं होतं, या बाजूला उजेड नको, आवाज नको. मी व्हरांड्यात जाऊन मागच्या दिव्याचं बटण बंद केलं. तोवर तो दिवा मी कधी बंद केला नव्हता. बटण इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

दिवस मावळला. देवघराची खिडकी मागेच उघडते, त्यामुळे तिच्यावर चादर लावली आणि देवापुढे दिवा लावला. जिजा दारात उभी होती. हळूच म्हणाली, "आजी, चादर पेटल्यावानी दिसती."

खरंच दिसत होती. पिवळी, हलती. बाहेरून ती कशी दिसत असेल हे मला एकदम तिच्या डोळ्यांनी दिसलं, जिजाच्या नव्हे, त्या दुसरीच्या. मग फुलाने दिवा शांत केला. आयुष्यात पहिल्यांदा दिवेलागणीला माझं घर अंधारात होतं. तुमच्या पणजीने पाहिलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.

आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसलो, ओट्याला टेकून, तिघी. सोनी मध्ये. तिच्या अंगाला धुराचा आणि उसाचा वास येत होता. माझ्या छातीचे ठोके इतके मोठे होते की वाटलं, तेच बाहेर ऐकू जातील आणि सगळं बिघडेल. बाहेरच्या काळोखात आणि आमच्यात मागच्या दाराची एक लाकडी फळी. नुसती फळी.

सोनी कुजबुजली, "आजी, चांद कुठं गेला?"

जिजाने तिच्या तोंडावर हात ठेवला. मी सोनीचा हात धरला. म्हणजे धीर द्यायला म्हणून धरला, पण धीर मलाच मिळत होता, तो गरम, चिकट हात होता.

बाहेर बछडा एकदा ओरडला. मग बराच वेळ काही नाही. मग तो आवाज आला. लाकडावर करवत मागे-पुढे व्हावी तसा, खोल, अगदी भिंतीपलीकडे. जिजाचं अंग ताठ झालं. माझ्या तोंडातून आवाज निघेल म्हणून मी ओठ दातांत धरला. बछड्याने उत्तर दिलं. पुन्हा करवत, जरा हळू. आणि मग प्लास्टिकचा क्रेट मातीवर घासत उलटल्याचा आवाज.

त्या क्षणाबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि नेमकं तेच नीट सांगता येत नाही. भीती होती. पण ती ज्याला धरून एरवी उभी असायची, ते "मला काही होईल" कुठे सापडेना. मी ते शोधलंही नाही. मनात एकच वाक्य चाललं होतं, तिचं मूल तिला मिळू दे. "तिचं" म्हणजे कुणाचं, जिजाचं की बाहेरचीचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नसतं. आजही येत नाही. आणि त्या वाक्याच्या आत, इतक्या सगळ्या थरथरीच्या आत, एक जागा अगदी स्वच्छ आणि निवांत होती. पहाटे अंगण झाडून, सडा टाकून झाल्यावर असतं तशी. मी आजवर इतकी पारायणं केली, ती जागा मला कुठे भेटली नव्हती.

फोन थरथरला. मनीषा होती. "आजी, घेऊन गेली."

मी जिजाला सांगितलं. तिने सोनीला उराशी धरलं, आणि म्हणाली, "लागलं गं बाई तिचं पोर तिच्या हाती." आणि रडली. मीही. मग मी काडेपेटी शोधली. ती नेहमीच्या जागी होती, तरी सापडायला वेळ लागला. दोन काड्या मोडल्या. तिसरीने दिवा लागला.

उरलेला ऊस दुसऱ्या दिवशी तुटला. मोकळं रान झालं आणि घर पुन्हा उन्हाळ्यातल्यासारखं दिसू लागलं. टोळी पुढच्या गावाला निघाली. ट्रॉलीवर सामानाच्या ढिगावर बसून जिजा ओरडली, "आजी, देवाच्या दिव्याला उशीर झाला. रागावला का तो?"

"विचारलं नाही गं!"

"विचारू बी नका. लावला ना? मग गप ऱ्हावा!"

टोळीतल्या बायका खो-खो हसल्या. ट्रॅक्टर धूर सोडत गेला. त्यानंतर जिजा मला भेटलेली नाही. पुढच्या हिवाळ्यात दुसरी टोळी आली, त्याच्या पुढच्यात आणखी दुसरी. मी प्रत्येक वेळी आलेल्या बायकांना विचारते, पेठकडची जिजा माहीत आहे का, सोनीची आई? त्या हसतात. त्यांच्यात जिजा पुष्कळ आहेत.

तुम्हाला वाटेल, यानंतर आजी शूर झाली. नाही झाली. काल संध्याकाळी गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली आणि माझ्या हातातली वाटी ओट्यावर पडली. मी अजून कडी दोनदा पाहते. मरणाची भीती वाटते, पडण्याची वाटते, तुम्हाला पुन्हा न भेटण्याची तर सगळ्यात जास्त वाटते. बाबा म्हणतो, ते घर विक, फ्लॅटमध्ये राहा, नाहीतर इकडे ये. त्याचं चूक नाही. त्यालाही भीतीच वाटते, माझ्यासाठी. त्याला सांगा, त्याच्या दिव्यावर माझा राग नाही. फक्त ऊसतोडीच्या दिवसांत मी दिवस मावळला की त्याचं बटण बंद करते. उसात कोण कुणाला शोधत असेल सांगता येत नाही. देवापुढचा दिवा लावते, पण आता तो समोरच्या खोलीत.

आणि आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

नील, माझ्या मागे काळोख होता कारण मी मागच्या व्हरांड्याला पाठ करून बसले होते आणि तिथला दिवा बंद होता. ईरा, मी हळू बोलत होते कारण यंदाच्या टोळीतल्या बायका त्यांच्या पोरांना घेऊन तिथे निजल्या होत्या. व्हरांड्याला मी आता जाळी बसवून घेतली आहे, ती आतून लावलेली असते. सतरंज्या मी दुपारीच घालून ठेवते. दिवसभर मोळ्या बांधून त्या इतक्या थकलेल्या असतात की दिवस मावळताच झोपतात. तुम्ही मागे नीट पाहिलं असतंत तर कदाचित एक छोटा पाय दिसला असता. तो सतरंजीच्या बाहेर आला होता. तुमचा फोन झाल्यावर मी जाऊन त्यावर पांघरूण घातलं.

घालताना मी वर पाहिलं. भिंतीपलीकडे ऊस हलत होता आणि वारा नव्हता.

तुमची,
आजी